सांडपाण्याचें ऋण

घरांत येणाऱ्या वस्तूचें मोल द्यावयास माणूस सहसा कुरकुर करीत नाहीं. पण घरांतून बाहेर जाणाऱ्या वस्तूसाठीं पैसे मोजावयाचे म्हटलें कीं त्याच्या कपाळास आंठी पडते. दारीं नळ आला त्या दिवशीं आमच्याकडे तोटीला हळदकुंकू वाहिलें गेलें आणि मुलांच्या हातावर साखर पडली. तेंच पाणी पांच मिनिटांनीं न्हाणीच्या मोरींतून बाहेर पडलें, तेव्हां तें कोठें गेलें हें पाहावयास कोणी उठलें नाहीं. गटारांच्या खर्चावरून जेथें जेथें तंटे होतात, त्यांचें मूळ या एका विसंगतींत आहे, असें माझें मत होऊं लागलें आहे. विषय नीरस आहे, कांहीं वाचकांस तो किळसवाणाहि वाटेल. परंतु ज्या विषयावरून चांगल्या घरांतले चुलतभाऊ आठ-आठ दिवस एकमेकांशीं बोलत नाहींसे होतात, तो कुटुंबाच्या मासिकांत वर्ज्य मानण्याचें कारण मला दिसत नाहीं.

आमचें आपटा गांव पनवेल तालुक्यांत, पाताळगंगेच्या कांठीं वसलेलें आहे. गांवाचें नांव ऐकतांच वडील मंडळींना दसऱ्याचें सोनें आठवतें, तर तरुणांना आगगाडीचें स्थानक आठवतें. कारण १९९५ सालीं निघालेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या बोलपटांतील शेवटचा प्रसंग आमच्या स्थानकावर घेतलेला आहे. स्थानक पाहावयास लोक येतात. गटार पाहावयास कोणी येत नाहीं, आणि येऊंहि नये. देऊळ बांधलें तर कळस दिसतो, शाळा बांधली तर देणगीदाराचा फलक लागतो. चांगलें गटार मात्र दृष्टीस न पडण्यांतच त्याचें यश असतें. जें दिसत नाहीं त्यासाठीं पैसे मागणें ही मोठी कठीण गोष्ट आहे.

माझ्या लहानपणीं सांडपाणी हा शब्द होता, पण त्याचा प्रश्न नव्हता. विहिरीवरचा रहाट ओढून पाणी काढावें लागे. म्हणून प्रत्येक कळशीला श्रमाचें मोल होतें. भांडीं राखेनें घांसत, डोकें शिकेकाईनें धूत, आणि मोरीचें पाणी पाटानें परसांत जाऊन अळवाच्या वाफ्यांत व केळींच्या बुंध्याशीं जिरे. पाणी आणि तें जिरविणारी जमीन यांचा हिशेब घरच्या बायकांना तोंडपाठ होता. आतां विजेचा पंप आहे, घराच्या माथ्यावर टांकी आहे, कपडे धुण्याचें यंत्र आहे, साबणाची भुकटी आहे. पाणी ओढण्याचे श्रम गेले तसें पाण्याचें माप गेलें. आणि केळी होत्या तितक्याच राहिल्या.

आंकडेच घेतले तर असें दिसतें. केंद्र सरकारनें २०१९ सालीं सुरू केलेल्या जल जीवन मिशनांत ग्रामीण भागांत दर माणशीं रोज ५५ लिटर पाण्याचें प्रमाण धरलें आहे. घरांत आलेल्या पाण्यापैकीं सुमारें शेंकडा ८० भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो, असा स्थापत्यशास्त्राचा ठोकताळा आहे. म्हणजे माणशीं ४४ लिटर. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबांतून रोज ४४० आणि महिन्याला १३,२०० लिटर पाणी बाहेर पडतें. दहा हजार लिटरांचा टँकर भरून वर कांहीं उरेल इतकें हें होतें. अशीं पन्नास-शंभर घरें एका आळींत असलीं, म्हणजे तें पाणी परसांत मावत नाहीं. तें रस्त्यावर येतें, शेजाऱ्याच्या पायरीशीं डबकें करतें, आणि शेवटीं उतार धरून नदीस मिळतें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील ३५१ दूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकीं ५३ महाराष्ट्रांतले होते, आणि त्यांत पाताळगंगेचेंहि नांव होतें. नदीच्या वरच्या अंगास खोपोली-रसायनीकडे कारखाने आहेत, त्यामुळें बोट दाखवावयास जागा आयतीच आहे. पण आमच्या मोरीचें पाणी त्याच नदीकडे जातें, हेंहि तितकेंच खरें आहे.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों. घर अविभक्त आहे. घरपट्टीच्या पावतीवर अजून आजोबांचेंच नांव येतें. चुली चार झाल्या, न्हाणी व मोरी एकच राहिली. दोन वर्षांपूर्वीं असें ठरलें कीं, शौचकूपाचा जुना खड्डा विहिरीच्या फार जवळ आहे, तेव्हां तो बुजवून दूरच्या कोंपऱ्यांत दोन नवे खड्डे घ्यावे आणि मोरीच्या पाण्यासाठीं वेगळा शोषखड्डा करावा. ठरविण्यास कोणाचाच विरोध नव्हता. गवंड्यानें अंदाज काढून दिला आणि मीं सर्वांना दूरध्वनि केले, तेव्हां मात्र ठरणें निराळें आणि देणें निराळें हें कळून आलें.

ठाण्याचा चुलतभाऊ म्हणाला, “नाना, आम्ही वर्षांतून चार दिवस येतों. जो तेथें राहतो त्यानें भरावें. माझें पाणी तेथें सांडत नाहीं.” पुण्याच्या भावानें उलट बाजू घेतली. तो म्हणाला, “उद्यां घर विकावयाचें निघालें तर हिस्से चार, आणि मोरीचा खर्च तेवढा नानाचा एकट्याचा? हा कुठला न्याय?” धाकट्या काकू माजघराच्या शेजारच्या खोलींत एकट्या राहतात. त्यांनीं कांहींच वाद घातला नाहीं, दुपारीं मी ओटीवर बसलों असतां येऊन एवढेंच म्हणाल्या, “मला पाणी तें कितीसें लागतें रे? पण चौथा हिस्सा म्हणशील तर माझ्या निवृत्तिवेतनांतले तीन महिने जातील.”

या तीन बोलण्यांत गटाराच्या खर्चाविषयींचा जगांतला बहुतेक सर्व वाद येऊन गेला. जो वापरतो त्यानें द्यावें, हें एक तत्त्व. ज्याच्या मालमत्तेचें मोल राखलें जातें त्यानें द्यावें, हें दुसरें. आणि ज्याला झेपतें त्यानें द्यावें, हें तिसरें. तिन्हीं खरीं आहेत; म्हणूनच भांडण होतें. एक खरें आणि दोन खोटीं असतीं तर निवाडा एका बैठकींत झाला असता.

गणपतींत सर्व मंडळी जमली. गौरीच्या जेवणाच्या दिवशीं तेवीस माणसें न्हाणींतून गेलीं, आणि मोरीनें कोणालाहि “तुम्ही येथले कीं ठाण्याचे” असें विचारलें नाहीं. त्या रात्रीं बसून निवाडा झाला तो असा: बांधकामाचा खर्च हिश्श्याप्रमाणें चौघांनीं करावा, कारण घर चौघांचें आहे आणि विहीरहि चौघांची, पुढील डागडुजीचा व उपशाचा खर्च, जीं माणसें तेथें राहतात त्यांनीं डोईमागें सोसावा, आणि काकूंच्या हिश्श्याचा भार इतरांनीं वांटून घ्यावा. काकूंनीं तरीहि शंभराची एक नोट माझ्या हातांत ठेवलीच. म्हणाल्या, “यादींत नांव असूं दे माझें.” माफी सर्वांना हवी असते असें आपण समजतों, पण यादींतून नांव जाणें हेंहि कांहीं माणसांना जिव्हारीं लागतें, हें त्या दिवशीं मला शिकावयास मिळालें.

पुढें थोडें वाचन केलें तेव्हां असें आढळलें कीं, आमच्या माजघरांत झालेला निवाडा मुंबईच्या कायद्यांत पूर्वींच लिहिलेला आहे. १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्याप्रमाणें आज घरमालकावर दोन निरनिराळे कर येतात. एक मलनिःसारण कर. तो घाण गोळा करून वाहून नेण्याच्या चालू खर्चासाठीं. दुसरा मलनिःसारण लाभ कर. तो नळ घालणें, शुद्धीकरणाचीं कामें उभारणें अशा भांडवली खर्चासाठीं. चालू खर्च आणि उभारणीचा खर्च ह्या दोन वस्तु आहेत, त्यांचीं मापें वेगळीं आहेत, हें एकदां मान्य झालें कीं निम्मा वाद मिटतो. जेथें दोन्हींची मिळून एकच रक्कम मागितली जाते, तेथें देणाराला आपण कशाचें देतों हें कळत नाहीं. आणि न कळणारें देणें नेहमीं जुलमाचें वाटतें.

मुंबईच्या घरमालकांचा इतिहासहि या बाबतींत बोधप्रद आहे. १८६५ च्या कायद्यानें आर्थर क्रॉफर्ड हे तेथील पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनीं धडाक्यानें कामें काढलीं आणि शहर पूर्वींपेक्षां पुष्कळ स्वच्छ केलें. पण खर्चाची लगाम कोणाच्याच हातीं राहिली नाहीं, आणि बोजा घरपट्टी भरणारांवर येऊं लागला. १८७१ सालीं करदात्यांनीं मोठी चळवळ केली. तींत तरुण फिरोजशहा मेहता यांनीं असा विचार मांडला कीं, दोष एका अधिकाऱ्याचा नसून पद्धतीचा आहे. पैसे देणारांचे निवडलेले प्रतिनिधि कारभारांत असल्याशिवाय हें दुखणें जाणार नाहीं. १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. आपल्या देशांतील नगरस्वराज्याच्या या मोठ्या पावलामागें घरपट्टीची कुरकुर होती, हें विसरतां कामा नये. म्हणून कोणी घरमालक “एवढें कशाला?” असें विचारूं लागला कीं त्याला गांवचा शत्रु समजणें हें मला मान्य नाहीं. त्याचा प्रश्न योग्य आहे. त्या प्रश्नाचा शेवट “मी देणार नाहीं” यांत व्हावा कीं “मला हिशेब दाखवा” यांत व्हावा, एवढाच विचार करावयाचा आहे.

विलायतेंतहि हेंच झालें. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीनें हाहाकार उडविला, तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं दाखवून दिलें कीं रोग तेथील एका पंपाच्या पाण्यांतून पसरतो. मागाहून असें निघालें कीं, त्या विहिरीला लागूनच असलेल्या एका घराच्या मैल्याच्या कुंडांतून पाझर विहिरींत जात होता. कुंड एका घराचें, पाणी साऱ्या आळीचें. तरीहि मोठ्या गटारांच्या कामाला पैसा सुटला तो १८५८ च्या उन्हाळ्यांत, थेम्स नदीची दुर्गंधि पार्लमेंटच्या खिडक्यांतून आंत शिरली तेव्हां! जोसेफ बॅझलगेट यांच्या योजनेसाठीं तीस लक्ष पौंडांचें कर्ज काढण्यांत आलें आणि त्याच्या फेडीसाठीं लंडनच्या घरांवर पौंडामागें तीन पेन्सची पट्टी चाळीस वर्षांसाठीं बसली. चाळीस वर्षें म्हणजे बाप, मुलगा आणि कदाचित् नातू. हें मला फार शहाणपणाचें वाटतें. शंभर वर्षें टिकणाऱ्या कामाचा सर्व भार आजच्या एका पिढीच्या माथीं मारणें अन्यायाचें आहे. आणि कांहींच न करतां घाण नातवंडांच्या वांट्याला ठेवणें हा तर त्याहून मोठा अन्याय आहे.

जवळचें उदाहरण पनवेलचें. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रांतील अगदीं जुन्या नगरपालिकांपैकीं एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिची महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठें, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोनें वसविलेल्या वसाहती तिच्या हद्दींत आल्या. पुढें महापालिकेनें मालमत्ता कराचीं देयकें काढलीं तीं स्थापनेच्या दिवसापासूनच्या आकारणीचीं. रहिवाशांचें म्हणणें असें पडलें कीं, त्या वर्षांत रस्ते, पाणी, गटारें या सेवा सिडको पुरवीत होती आणि तिचें सेवाशुल्क आम्हीं भरलें आहे. एकाच सोयीचे पैसे दोनदां कां द्यावे? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलें. वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाहीं. मला त्यांतून एवढेंच दिसतें कीं, सोय एकाची, मागणी दुसऱ्याची आणि तीहि मागील वर्षांची, असें झालें म्हणजे नेमानें पैसे भरणारा गृहस्थहि बिथरतो. कर किती, यापेक्षां तो केव्हां, कोणी आणि कशासाठीं मागितला, याला माणसाच्या मनांत अधिक किंमत असते.

आमच्या आळींत बोलणें निघालें कीं कोणीतरी म्हणतोच, “पनवेलप्रमाणें आपल्याकडेहि भुयारी गटार पाहिजे.” ही इच्छा स्वाभाविक आहे, पण तिचा हिशेब आधीं करावा. भुयारी नळांतली घाण पाण्याच्या वेगानें पुढें जाते. पाणी थोडें असलें कीं गाळ बसतो, नळ तुंबतो आणि मग तो उपसावा लागतो. म्हणूनच जेथें भुयारी गटारें आहेत किंवा व्हावयाचीं आहेत, त्या शहरांसाठीं सरकारी नियमावलींत माणशीं रोज १३५ लिटर पाण्याचें प्रमाण धरलें आहे. ५५ लिटरांच्या गांवांत शहरी पद्धतीचा नळ पुरणें म्हणजे पोटापेक्षां मोठें आंतडें घालण्यासारखें आहे. स्वच्छ भारत मिशनाचा दुसरा टप्पा २०२० सालीं सुरू झाला. त्यांत पांच हजारांपर्यंत वस्तीच्या गांवांस सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीं दर माणशीं २८० रुपयांपर्यंत मदत ठरविली होती. दहा माणसांच्या घरामागें हे २,८०० रुपये झाले. एवढ्या रकमेंत शोषखड्डे होतात, परसबागेचे पाट होतात, आळींतलें उघडें गटार नीट उतारानें बांधून त्याच्या तोंडाशीं पाणी मुरविण्याची सोय होते. भुयारी नळ होत नाहींत. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या वर्षांसाठीं ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानांतील शेंकडा ६० भाग पाणी व स्वच्छता यांनाच बांधून दिला होता. शिवाय १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें पंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी व आरोग्यपट्टी बसविण्याचा अधिकार आहेच. तात्पर्य, पैशाच्या वाटा आहेत. गांवाच्या मानानें काम निवडावें आणि कामाच्या मानानें पट्टी.

कोंकणाच्या भूमीचा एक विशेष मात्र ध्यानांत ठेविला पाहिजे. पावसाळ्यांत येथें भूगर्भांतलें पाणी इतकें वर येतें कीं विहिरीच्या कांठाशीं वांकून तांब्या बुडवितां येतो. अशा वेळीं खोल खड्डा हा खड्डा राहत नाहीं; तो विहिरीचा सोबती होतो. म्हणून खड्डे उथळ, दोन आणि विहिरीपासून दूर असावे. एक भरला कीं तो बंद करून दुसरा वापरावा, आणि पहिल्यांतलें दोन वर्षांनीं खत म्हणून काढावें. ज्याच्या आवारांत तेवढें अंतर मिळत नाहीं, त्याची सोय आळीनें मिळून केली पाहिजे. त्याचा मैला त्याच्या एकट्याचा प्रश्न आहे असें म्हणणें सोपें आहे, पण जमिनीखालचें पाणी सातबाराचा उतारा वाचीत नाहीं.

बंद घरांविषयीं एक शब्द. आमच्या गांवांत अनेक घरें वर्षांतून दहा महिने कुलपांत असतात. मालक मुंबईस किंवा परदेशांत. त्यांचें म्हणणें ठाण्याच्या बंधूंसारखेंच: पाणी नाहीं, तर पट्टी कशाची? येथें मला कौटिल्याचा आधार घ्यावासा वाटतो. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं जें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, त्यांत असा नियम आहे कीं, गांवानें मिळून बांधबंधाऱ्याचें काम काढलें असतां जो स्वतः येत नाहीं, त्यानें आपले गडी व बैल पाठवावे आणि खर्चाचा वांटा द्यावा; फळांत मात्र त्याला वांटा नाहीं. फळ नाकारण्याइतकें कठोर आपण होऊं नये. पण गैरहजेरी ही माफी नव्हे, हें तत्त्व दोन हजार वर्षांचें जुनें आहे. त्याच ग्रंथांत रस्त्यावर केर टाकणारास अष्टमांश पण आणि चिखलपाणी सांचविणारास चतुर्थांश पण दंड सांगितला आहे, आणि राजमार्गावर तो दुप्पट आहे. पाण्यांत मलमूत्र व थुंकी टाकूं नये हें मनूनेंहि सांगितलें आहे. शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनीं यांतलें काय पाळलें, याचा शोध ज्यानें त्यानें आपल्या मोरीच्या तोंडाशीं उभें राहून घ्यावा.

आणि येथेंच मला या विषयाचें मर्म दिसतें. आपण म्हणतों कीं गटाराचा हा नवा खर्च कोठून आला? खर्च नवा नाहीं. तो देणारे मात्र आजवर दुसरे होते. मुंबईच्या कायद्यांत मलनिःसारण कराचें पूर्वीचें नांव ‘हलालखोर कर’ असें होतें. हलालखोर म्हणजे कष्टाची, धर्म्य भाकरी खाणारा. घरोघरची घाण डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाला हें नांव देणारानें नकळत मोठें सत्य सांगितलें; कारण त्याच्या श्रमाचें खरें मोल आपण कधींच दिलें नाहीं, आणि वर त्याला उंबरठ्याबाहेर ठेविलें. आमचें सोंवळें उंबरठ्याच्या आंत राहिलें, तें कोणीतरी उंबरठ्याबाहेर ओंवळें पत्करलें म्हणून. रत्नागिरीचे आप्पासाहेब पटवर्धन यांना हें कळलें होतें. ब्राह्मण घरांत जन्मलेल्या या विद्वान् गृहस्थानें १९३२ सालीं तुरुंगांत भंगीकाम आपल्यास करूं द्यावें म्हणून अन्न सोडलें, आणि त्यांच्या सहानुभूतीसाठीं येरवड्यांत महात्मा गांधींनींहि उपास केला. पुढें १९४८ सालीं कणकवलीस गोपुरी आश्रम काढून त्यांनीं खत देणाऱ्या स्वस्त शौचकूपाचा प्रसार केला. मैला माणसाच्या हातानें उचलावा लागूं नये, हा त्यांचा ध्यास होता.

मैला वाहविण्याच्या प्रथेस १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनीं बंदी घातली. तरीहि गटारांत उतरून माणसें मेलीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अशा मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ सालीं ती तीस लाख केली. ज्या कामांत मरणाची किंमत न्यायालयाला ठरवावी लागते, त्या कामाचा खर्च आपण आजपर्यंत कमी समजत होतों, याहून दुसरा पुरावा कशास हवा? पट्टी भरावयाची ती नळासाठीं व सिमेंटासाठीं तर खरीच. पण यंत्रानें उपसा व्हावा, कोणा मातेच्या मुलाला त्या भोकांत उतरावें लागूं नये, यासाठीं ती आधीं भरली पाहिजे. स्वस्त गटार म्हणून कांहीं नसतें. ज्याचे पैसे आपण देत नाहीं, त्याचे प्राण कोणीतरी देत असतो.

ग्रामसभेंत बोलण्याची वेळ आली तर मी पांच गोष्टी मागेन. उभारणीचा खर्च आणि चालू खर्च यांचे आंकडे निरनिराळे वाचून दाखवावे. उभारणीची पट्टी घराच्या आकारणीवर व लांब हप्त्यांनीं घ्यावी. चालू पट्टी पाण्याच्या वापरावर. बंद घरांनीं उभारणीचा वांटा द्यावा. एकट्या वृद्धांस व मोलमजुरी करणारांस सूट असावी, पण ती मागावयास कोणाला हात जोडून उभें राहावें लागूं नये. यादींत त्यांचें नांव मानानें असावें. आणि कोणत्याहि माणसास खड्ड्यांत वा नळांत उतरविणार नाहीं, अशी अट कंत्राटांत लिहावी, तिच्यासाठीं पट्टी रुपयांस चार आण्यांनीं वाढली तरी चालेल. एवढें झाल्यावर जो “मी देणार नाहीं” म्हणेल, त्याच्याशीं वाद घालावयास मी आनंदानें तयार आहें.

आपण तीन ऋणें घेऊन जन्मास येतों असें लहानपणापासून ऐकतों: देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. शतपथ ब्राह्मणांत चौथेंहि सांगितलें आहे, तें मनुष्यांचें. पहिलीं तीन फेडण्याचे विधि आमच्या घरांतून अजून यथासांग चालतात. चौथ्याचा विधि अतिथीला अन्न देण्याचा आहे, तोहि आपण करतों. पण ज्यांना आपण कधीं घरांत घेतलें नाहीं, त्यांचें देणें त्या विधींत बसत नाहीं. तें फेडावयाचें तर मला आज एकच मार्ग दिसतो: पंचायतीची पावती मुदतींत भरणें, आणि भरल्यावर हिशेब मागणें. पहिल्यांत ऋण फिटतें, दुसऱ्यांत तें योग्य माणसापर्यंत पोंचलें कीं नाहीं हें कळतें. दोन्हीं केल्यावांचून गृहस्थानें मुक्त झालों असें मानूं नये.